ताप आला की हात काढायचा

सकाळी ८.१५
वर्तकनगर नाका. मिस्त्री उभ्याउभ्याच चहा घेतात, १२ रुपये. त्यांची हजेरी १००० रुपये, हाताखालच्या पोराची ७००. पिशवीत थापी, गुरमाळा, ओळंबा, सूत आणि पत्र्याचा कापलेला साचा. काम जवळच आहे, रिक्षा कशाला?

९.००
पुनर्विकासात उभी राहिलेली इमारत, १४वा मजला. नऊच्या आधी वॉचमन आत सोडत नाही. पीओपीची २५ किलोची गोणी पोरगा सामानाच्या लिफ्टने वर आणतो. घरमालकांना १० बाय १२च्या खोलीत ‘थिएटर’ हवंय.

१०.३०
घमेल्यात आधी पाणी, मग पावडर. उलटं केलं की गुठळ्या. लोण्यासारखं झालं की दहा-बारा मिनिटंच हातात. मिस्त्री साचा पट्टीला लावून ओढतात. पहिली ओढ खडबडीत. पुन्हा माल, पुन्हा ओढ. तिसऱ्या ओढीला छताखालच्या गोलाईला धार येते. माल गरम होतो. “ताप आला की हात काढायचा. नंतर लावाल तर सोलून येईल.”

१.१५
डबा. मी मोबाइलवर जयपूरच्या राजमंदिर थिएटरचं छत दाखवतो. वास्तुविशारद वामन नामजोशी, आपला मराठी माणूस. मरीन लाइन्सच्या लिबर्टीचे वास्तुविशारद अ‍ॅबट काम अर्धं असतानाच गेले. जे. बी. फर्नांडिस आणि नामजोशींनी ते पुरं केलं. १९४९ साली ‘अंदाज’ने थिएटर उघडलं. १९५८ला मुंबई सेंट्रलचं मराठा मंदिर, तेही नामजोशींचंच. राजमंदिरचा पाया १९६६चा, पहिला खेळ १ जून १९७६, ‘चरस’. म्हणजे एका थिएटरला दहा वर्षं! इथे मालकांना गृहप्रवेशाची घाई.

मिस्त्रींना तारखांशी घेणं नाही. ते बोटांनी फोटो मोठा करतात. “लाटेमागे दिवे ठेवलेत. पण सांधा कुठंय?” बराच वेळ शोधतात. भाजी गार होते.

२.००
चारपर्यंत ड्रिल बंद, सोसायटीचा नियम. मग पॉलिश पेपरने हाताने घासकाम. पोराच्या भुवया पांढऱ्या.

५.४०
एलईडीची पट्टी लावून बघतात. तिरप्या उजेडात फुगवटा लगेच दिसतो. दोन जागी निघाला. मिस्त्री पेन्सिलने खुणा करतात, बोलत काही नाहीत.

६.१०
साचा धुऊन पिशवीत. हिशेब शनिवारी. आज २०० रुपये उचल.