कारखान्याचं शहर, भाग ९ : ‘टेक्निकल’ घेतलेली मुलं

गेल्या आठवड्यात आपण नाशिकच्या सातपूरपर्यंत आलो. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून होताच. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना आला आणि सातपूरची औद्योगिक वसाहतही वाढू लागली. एवढ्या कारखान्यांना लागणारी माणसं घडत कुठे होती? आयटीआयचं नाव कुणीही सांगेल. त्याच्या अलीकडची पायरी मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. ती म्हणजे शाळेतलं ‘टेक्निकल’, आठवीपासून नेहमीच्या विषयांबरोबर शिकवले जाणारे तांत्रिक विषय.

या पायरीचा आराखडा डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या माध्यमिक शिक्षण आयोगानं १९५२-५३ मध्ये मांडला. पोरं मॅट्रिक होतात आणि कारकुनीच्या रांगेत उभी राहतात, ही तक्रार इंग्रजी अमलापासूनची. आयोगानं सुचवलं, की तांत्रिक शाळा शक्यतो कारखान्यांजवळ काढाव्यात. मोठ्या शहरात एक मध्यवर्ती केंद्र असावं आणि आसपासच्या शाळांची मुलं तिथे यावीत. खर्चासाठी उद्योगांवर औद्योगिक शिक्षण कर बसवावा. पुढे केंद्रं निघाली, कर काही आला नाही. कसबी माणूस कारखान्याला हवा, त्याच्या शिक्षणाचा खर्च मात्र सरकारनं करावा, हा आपल्याकडचा जुना हिशेब आहे.

केंद्राची कल्पना व्यवहारी होती. मराठी, गणित, इतिहास आपापल्या शाळेत आणि तांत्रिकचे तास सरकारी वर्कशॉपात. लेथ, भाता, सुतारकामाची बाकं प्रत्येक शाळेला कुठून परवडणार? मुंबईत तर धोबीतलावच्या एल्फिन्स्टन हायस्कूलचंच टेक्निकल हायस्कूल झालं. जिथून बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक झाले, तीच ही सरकारी शाळा.

वर्कशॉपातला पहिला धडा बहुधा फिटिंगचा. लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि कानशीनं घासायचा. आधी खरबरीत कानस, मग बारीक. ऐकायला सोपं वाटतं. पण नवख्या हाताची कानस डोलते आणि तुकडा मधे फुगीर, कडांना उतरता होतो. मग तो डोळ्यांसमोर उजेडाकडे धरायचा आणि गुण्या लावून पाहायचा. फटीतून उजेड दिसला, की पुन्हा घासणं आलं. चूक कुठे आहे हे मास्तरांनी सांगायची गरजच नसे. वहीतल्या भूमितीत काटकोन गृहीत धरता येतो, इथे तो हातानं आणावा लागे. मला विचाराल तर या शिक्षणाचं सगळं मोल घासलेल्या या एका तुकड्यात होतं.

पण शाळेतून बाहेर पडल्यावर हा मुलगा जाणार कुठे? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानंतर कारखान्यांची भरती आयटीआयच्या प्रमाणपत्राकडे पाहून होऊ लागली. तिथे फिटर, टर्नर असा एक ठरलेला ट्रेड असे. टेक्निकलच्या मुलाला सगळ्याची तोंडओळख आणि ट्रेड एकही नाही. मग पालकांनी त्यातून आपला मार्ग काढला. अभियांत्रिकी पदविकेच्या प्रवेशात तांत्रिक विषय घेतलेल्यांसाठी काही जागा राखीव असत. त्यामुळे कारखान्यात हातानं काम करणारे तयार व्हावेत म्हणून काढलेलं टेक्निकल डिप्लोमाची शिडी होऊन बसलं. यात पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. हातानं काम करणाऱ्याला पगार आणि मान दोन्ही कमी मिळत असताना त्यांनी दुसरं काय करायचं?

दरम्यान १९७५ पासून शालान्त परीक्षा अकरावीऐवजी दहावीला होऊ लागली. म्हणजे शाळा सोडताना मुलगा आणखी एका वर्षानं लहान. कारखान्याच्या दारात उभं करायला तो आता फारच कोवळा होता.

शिडीची किंमतही पुढे उतरली. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि १९८४ मध्ये नाशकात के. के. वाघ महाविद्यालय उभं राहिलं. जागा वाढल्या, फी भरायची तयारी असली की झालं. बारावीच्या विज्ञान शाखेवर नजर ठेवणाऱ्या घरांना आठवीतल्या पोरानं आठवड्याचे तास कानशीवर घालवणं परवडेनासं झालं. ते तास क्लासकडे वळले. त्या क्लासच्या धंद्याबद्दल पुढच्या आठवड्यात.