वाहनचालकाचे कौशल्य : हातांचे की अवधानाचे?

वाहन चालविणे ही हातापायांची विद्या आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. मानसशास्त्र त्याला दुजोरा देत नाही. ह्यूगो म्यून्स्टरबर्ग या मूळच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील विजेच्या ट्रामचालकांसाठी एक चाचणी योजली व तिचा तपशील १९१३ साली आपल्या इंग्रजी ग्रंथात दिला. पादचारी, घोडागाड्या व मोटारी यांची पुढील हालचाल आधीच ताडणे आणि हे अवधान ढळू न देणे, हाच या कामाचा गाभा होय, असे त्याचे प्रतिपादन होते.

वर्धा जिल्ह्यात या दोन्ही शक्तींची कसोटी पाहणारे रस्ते आहेत. जाम, हिंगणघाटवरून जाणाऱ्या नागपूर-हैदराबाद महामार्गावर कापसाच्या हंगामात मागे दिवा नसलेली बैलगाडी वा ट्रॉली अंधारात अवचित पुढे येते. नवशिक्याची नजर गाडीपुढील थोड्याशा पट्ट्यावर खिळलेली असते. कसलेल्या चालकाची नजर दूरवर, कडेला आणि आरशात फिरत राहते. समोरच्या वाहनाचा प्रकाश क्षणभर झाकला गेला, एवढ्यावरून तो वेग कमी करतो. ही धोक्याची चाहूल शिकविता येते. ब्रिटनमध्ये २००२ पासून परवान्यासाठी चित्रफिती दाखवून तिची स्वतंत्र परीक्षा घेतली जाते.

याच्या अगदी उलट प्रकार समृद्धी महामार्गाचा. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग वाहतुकीस उपलब्ध आहे. जिल्ह्यातून जाणाऱ्या या मार्गावर बैलगाडी नाही, चौक नाही, दुचाकीसही मज्जाव आहे. ताडण्यासारखे काही उरले नाही की मन मंदावते. डोळे उघडे, हात चाकावर, परंतु मागील काही किलोमीटर कसे गेले हे आठवत नाही! या अवस्थेस 'महामार्ग संमोहन' म्हणतात. ताशी १२० किलोमीटर वेगाने मोटार एका सेकंदात ३३ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर, हॉकीच्या मैदानाहून लांब अंतर, चालकाविना कापणे होय.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर याच मार्गावर सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली व २५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत वर्धा जिल्ह्यातील प्रवासीही होते. त्या अपघाताची कारणमीमांसा हा येथील विषय नव्हे. परंतु रात्रीच्या प्रवासाकडे पाहण्याची दृष्टी त्याने बदलावयास हवी.

पहाटे दोन ते पाचच्या सुमारास शरीर निद्रेची मागणी करते. दुपारीही ती काहीशी जाणवते. सलग सतरा तास जागलेल्या माणसाची कार्यक्षमता रक्तात १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असल्याइतकी घटते, असे १९९७ च्या एका प्रयोगात आढळले. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. जागरण मोजणारे यंत्र मात्र पोलिसांजवळ नसते. चहा व गाणी निद्रेची जागा घेऊ शकत नाहीत.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ अन्वये दिवसाला आठ तासांचे काम आणि पाच तासांपूर्वी किमान अर्ध्या तासाची विश्रांती अभिप्रेत होती. लग्नसराईत हे नियम कितपत पाळले गेले, हे गावोगावच्या मंडळींना ठाऊक आहेच. शाळेच्या सहलीची वा वऱ्हाडाची गाडी ठरविताना परवाना, विमा व टायर पाहिले जातात. चालक आदल्या रात्री किती वेळ झोपला, हेही मुख्याध्यापकांनी व सरपंचांनी गाडीमालकास विचारावे, आणि परतीची वेळ त्या उत्तरावरून ठरवावी.