धाकट्या कोअरची बाजू

ब्रिटनच्या आर्म कंपनीने २०११मध्ये 'बिग.लिटल' ही रचना जाहीर केली. एकाच चिपवर दांडगा कॉर्टेक्स-ए१५ कोअर (प्रोसेसरमधला आज्ञा चालवणारा घटक) आणि शेजारी किरकोळ बांध्याचा कॉर्टेक्स-ए७ बसवायचा. दोघांचा आज्ञासंच एकच, म्हणून चालू काम एकाकडून दुसऱ्याकडे बिनबोभाट जाते. तेव्हापासून छोटा कोअर म्हणजे बॅटरी वाचवण्यासाठी पत्करलेली तडजोड, असा समज रुजला. तो अपुरा आहे. ए१५ पुढच्या आज्ञा आधीच हेरतो, क्रम मोडून जी तयार असेल ती उरकतो, पुढची वाट अंदाजाने धरतो आणि अंदाज चुकला की केलेले काम टाकून देतो. ए७ आज्ञा आल्या क्रमानेच चालवतो. इंटेलचे फ्रेड पोलॅक यांचा ठोकताळा असा, की कोअरचा पसारा दुप्पट केला तरी वेग सुमारे चाळीस टक्केच वाढतो. त्यात वारंवारता चढवायची तर व्होल्टेजही वाढवावे लागते, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेगाचा शेवटचा टप्पा सर्वांत महाग पडतो तो यामुळेच.

यावर आक्षेप येतो, की मोठा कोअर काम झटपट संपवून झोपी जातो, मग एकूण ऊर्जा कमीच लागणार. पण वेळ निम्मा होताना वीज चौपट लागली, तर ऊर्जा दुप्पटच खर्च होते. कामाबरोबर बाकीची चिपही लवकर बंद करता येत असेल, तेव्हा घाई फायद्याची ठरते. गाणे वाजवण्यासारखे काम मात्र थोडे थोडे, ठरावीक अंतराने येते. तिथे घाईने काही साधत नाही. दुसरा आक्षेप गोंधळाचा, आणि तो खरा आहे. सॅमसंगच्या २०१३च्या पहिल्या एक्सिनॉस ५ ऑक्टामध्ये आठ कोअर होते, पण एका वेळी चारच चालत. इंटेलच्या आल्डर लेक प्रोसेसरमध्ये छोट्या कोअरना एव्हीएक्स-५१२ या खास आज्ञा कळत नसल्याने मोठ्यांकडूनही ती सोय काढून घ्यावी लागली. दोष मात्र दोन जातींच्या कोअरच्या मेळातला आणि कामाच्या वाटपातला होता. २०१९च्या लिनक्स ५.०मध्ये कुठल्या कोअरवर किती ऊर्जा लागेल, याचा हिशेब मांडून काम सोपवणारा शेड्युलर आला, तो वाटपातली उणीव भरून काढण्यासाठी.

आल्डर लेकच छोट्या कोअरची दुसरी बाजूही दाखवतो. एका मोठ्या कोअरच्या जागेत साधारण चार छोटे मावतात, म्हणून बॅटरीच नसलेल्या डेस्कटॉपच्या १२९००केमध्ये आठ मोठ्यांसोबत आठ छोटे आहेत. अनेक धाग्यांत विभागता येणाऱ्या कामाचा उरक त्यांनी वाढतो. मीडियाटेकच्या २०२३च्या डायमेन्सिटी ९३०० चिपने सर्वांत छोटे कोअर वगळले खरे, पण त्यातही चार कॉर्टेक्स-एक्स४ आणि चार ए७२० अशी दोन जातींची विभागणी उरलीच. सीमारेषा वर सरकली, पुसली गेली नाही. तेव्हा 'आठ कोअर' या आकड्यावरून चिपची पारख होत नाही. कोणते काम कोणत्या कोअरवर जाते आणि चिप तापल्यावर किती वेग टिकतो, हे विचारणारा ग्राहकच जाहिरातीला पुरून उरतो.