रत्नागिरीला दोन दिवस द्या

लिस्बन शहराच्या बेलें भागात, टॅगस नदीच्या काठाजवळ एक चौक आहे. चौकात उंच खांब आणि खांबावर अफोन्सो द अल्बुकर्कचा पुतळा. १५१० साली गोवा जिंकणारा हाच तो पोर्तुगीज. आपल्या हापूसला नाव पडलं तेही त्याच्यावरून, असं मानतात. आम्ही तिघी मैत्रिणी त्या खांबाखाली माना वर करून उभ्या होतो. तिघीही रत्नागिरीत वाढलेल्या, एकाच कॉलेजात शिकलेल्या. परदेशप्रवास पहिलाच, तोही घरच्यांना सोडून, फक्त मैत्रिणी मैत्रिणींनी केलेला. तीन दिवस आणि एकच शहर, एवढंच ठरवून आलो होतो.

युरोपात ही रीत जुनी आहे. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, एखाद्या शहरात दोन रात्री राहायचं, पायी हिंडायचं, तिथलं खायचं आणि परत यायचं. सात दिवसांत पाच देश अशी धावपळ नाही. आल्फामाच्या उतरत्या गल्ल्यांमधून आम्ही दोनदा हिंडलो. दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना घरं, पायऱ्या संपतील तिथं खाली पाणी. "अगं, ही तर आपली पाखाडी!" एक जण म्हणाली. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "आपण रत्नागिरी अशी कधी बघितलीय का गं?"

तिघींपैकी कुणीच बघितली नव्हती. राम आळीत खरेदी, मारुती मंदिराला रिक्षा पकडणं, पाहुणे आले की त्यांना गणपतीपुळ्याला नेणं, एवढंच आमचं शहर होतं. थिबा राजवाडा शाळेच्या सहलीत बघितलेला. पुण्या-मुंबईची माणसंही हेच करतात. रत्नागिरी हे त्यांच्या लेखी पुळ्याला जाताना लागणारं गाव. त्याच वर्षी डिसेंबरात आम्ही तिघी दोन दिवसांसाठी आपल्याच गावात पाहुण्यांसारख्या उतरलो. माहेरी न जाता लॉजवर राहिलो, तेव्हा आयांची समजूत घालावी लागली. पण ते केलं म्हणूनच हा लेख लिहिता आला.

मुंबईहून रात्रीची कोकणकन्या पहाटे रत्नागिरीला सोडते. स्टेशन गावापासून पाच-सहा किलोमीटर लांब, उंचावर. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली. त्याआधी आमच्या आजोबांच्या पिढीला मुंबईहून यायचं तर भाऊच्या धक्क्यावरून बोट, नाहीतर घाटातली एसटी. आता उजाडेपर्यंत तुम्ही गावात असता, आणि उजाडतानाच मिरकरवाडा बंदरावर जायला हवं. होड्या आणि ट्रॉलर परतलेले असतात, बर्फाच्या गाड्या लागलेल्या असतात, पाट्यांमधल्या बांगड्याचा आणि कोळंबीचा लिलाव बघता बघता संपतो. वास सोसायची तयारी ठेवा. या शहराचं पोट कशावर चालतं ते कळायला यापेक्षा चांगली जागा नाही.

तिथूनच रत्नदुर्ग गाठायचा. गावात त्याला कुणी रत्नदुर्ग म्हणत नाही, सगळे भगवती किल्ला म्हणतात. घोड्याच्या नालासारखा आकार, तीन बाजूंना समुद्र. पायथ्याशी भागेश्वराचं देऊळ, वर बालेकिल्ल्यात भगवतीचं आणि दुसऱ्या टोकाला दीपगृह. बहामनी काळातला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये घेतला असं इतिहास सांगतो, पुढं तो आंग्र्यांकडे होता. तटावरून बघितलं की सगळं रत्नागिरी एका नजरेत कळतं. एका अंगाला मिरकरवाड्याच्या होड्या, दुसरीकडे उघडा समुद्र, मागं सड्यावर चढत गेलेलं गाव. नकाशा आधी इथं उभं राहून समजून घ्यावा, मग खाली उतरावं.

उतरलात की टिळक आळी. २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्यांचा जन्म झाला ते कौलारू घर इथं आहे. आता ते राज्य सरकारचं संरक्षित स्मारक आहे. घर साधं आहे आणि साधंच ठेवलंय, हे फार बरं केलं. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत टिळक याच गावात होते. जवळपासच्या आळ्यांमधून अजून चिऱ्याची जुनी घरं, पडव्या, मागची आगरं दिसतात. दर खेपेला एखादं कमी झालेलं असतं. म्हणूनही आत्ताच जा म्हणते.

पतितपावन मंदिर हे दुसरं ठिकाण. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांच्या पुढाकारानं दानशूर भागोजीशेठ कीर यांनी ते बांधलं आणि १९३१ च्या फेब्रुवारीत ते सर्व हिंदूंना, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनाही, खुलं झालं. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह तेव्हा चालूच होता, हे ध्यानात घेतलं की या देवळाचं मोल कळतं. स्वतः भंडारी समाजातले, कष्टानं वर आलेले भागोजीशेठ मुंबईचे नामवंत कंत्राटदार होते. आम्ही गेलो तेव्हा एक आजी पायरीवर बसून फुलं निवडत होत्या. "बसा गं पोरींनो," म्हणाल्या. आम्ही पंचेचाळिशीच्या. बसलो.

नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. झाडगावच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय मुलं बरोबर असतील तर चुकवू नका. झाडगावातच ग्रामदैवत श्रीदेव भैरीचं देऊळ आहे. शिमग्याला पालखी निघते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते.

दुसरा दिवस मात्र सगळा थिबा राजाला द्या. त्याची गोष्ट घाईनं बघण्यासारखी नाही.

थिबा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला राण्यांसह आधी मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. तेव्हा त्याचं वय होतं सत्तावीस. रत्नागिरीच का? तर आगगाडी नाही, रस्ते धड नाहीत आणि पावसाळ्यात बोटी बंद पडल्या की गाव जगापासून तुटायचं. आपलं गाव एका माणसाला विसरायला लावण्यासाठी निवडलं गेलं होतं, हे मला चाळिशी उलटल्यावर समजलं. धाकटी राजकन्या तर जन्मली इथंच. चोवीस वर्षं बंगल्यांत काढल्यावर १९१० मध्ये नवा राजवाडा तयार झाला आणि राजा तिथं राहायला गेला. त्यात तो सहाच वर्षं जगला. १९१६ च्या डिसेंबरात वारला.

राजवाडा तीन मजली, चिऱ्याचा, उतरत्या छपराचा. अर्धगोल खिडक्यांवरची लाकडी नक्षी बघत राहावी अशी. आत पुरातत्त्व खात्याचं प्रादेशिक संग्रहालय आहे, मागच्या बाजूला बुद्धाची मूर्ती. आम्ही वरच्या खिडकीत बराच वेळ उभ्या होतो. आणि तिथंच एकीला आठवलं: १९०८ ते १९१४ टिळक कुठं होते? मंडालेच्या किल्ल्यातल्या तुरुंगात, गीतारहस्य लिहीत. मंडालेचा राजा टिळकांच्या गावात बंदिवान आणि टिळक राजाच्या गावात. सहा वर्षं हे एकाच वेळी चालू होतं. टिळक आळीहून राजवाड्यापर्यंत आदल्या दिवशी आम्ही रमतगमत चालत येऊ शकलो असतो, एवढंच इथलं अंतर.

शिवाजीनगर भागात राजाची समाधी आहे. त्याचं शव ब्रह्मदेशी नेऊ द्यावं ही कुटुंबाची मागणी मान्य झाली नाही आणि १९१९ मध्ये इथंच दफन झालं. शेजारी धाकटी राणी सुपायागले. त्याच वर्षी थोरली राणी सुपायालात मुलींसह मायदेशी गेली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीत परतली. तिची मुलगी टुटू इथंच वाढली, इथंच संसार केला, मराठी बोलत म्हातारी झाली आणि २००० साली इथंच गेली. तिचे दिवस गरिबीत गेले. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीवर आदरांजली वाहायला आले होते. आम्ही गेलो तेव्हा आमच्याखेरीज तिथं कुणी नव्हतं. लिस्बनमध्ये एका राजाच्या थडग्यापाशी आम्ही रांगेत उभ्या राहिलो होतो. इथं आपल्या गावात एक राजा पुरलाय आणि आपण त्याच्या समाधीवरून रिक्षानं पुढं जातो, याचं मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

संध्याकाळी थिबा पॉइंटवर जा. खाली भाट्याची खाडी, काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा, राजिवड्याच्या होड्या, पुलापलीकडे सुरूच्या बनाची रेघ आणि भाट्याची लांब पुळण. अंधार पडण्याआधी पूल ओलांडून पुळणीवर चालून या. मांडवी किनाऱ्याची काळी वाळू आदल्या संध्याकाळी बघितली असेल तर फरक पायालाच कळेल.

खाण्याचं सांगायचं तर ताटातला मासा सकाळी बंदरावर बघितलेलाच असावा. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर कुळथाचं पिठलं आणि भात मागा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ, एप्रिल-मेमध्ये हापूस. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा खास माशांसाठी येऊ नका. सोलकढी आणि घावन मात्र बारा महिने मिळतात. राहायला गावातच राहा, पुळ्याला नको. शक्य तिथं चाला, दमलात की शहर बस आहे, रहाटाघर स्थानकाहून सगळीकडे जाते. बरोबर दोन-तीनच जण असावेत, आणि ज्यांच्याशी गप्प बसता येतं असे.

राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, म्हणून शनिवार-रविवारच धरा. समाधीचा रस्ता सापडला नाही तर शिवाजीनगरात कुणालाही विचारा, नेऊन सोडतात.