खोट्या बँडची खरी गोष्ट



सुगी झाली की गावात बहुरूपी यायचा, आठवतं का? अंगात पोलिसाचा ड्रेस, काखेत फाईल. दारात उभा राहून दरडावायचा, "वॉरंट आहे, चला ठाण्यात!" हा पोलीस नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. पण तो स्वतः हसायचा नाही, आणि बोलता बोलता सरपंचापासून सावकारापर्यंत सगळ्यांची वर्मं काढायचा. आपण हसून पसाभर ज्वारी त्याच्या झोळीत घालायचो.

सिनेमातही असा एक बहुरूपी आहे. त्याला मॉक्युमेंटरी म्हणतात. डॉक्युमेंटरी म्हणजे माहितीपट, त्यात खरी माणसं आणि खऱ्या मुलाखती असतात. मॉक्युमेंटरी दिसते अगदी तशीच. हलता कॅमेरा, प्रश्न विचारणारा माणूस, सगळं तेच. पण माणसं नट असतात आणि गोष्ट रचलेली असते. थट्टा करायची, पण चेहरा गंभीर ठेवून.

यातला फार गाजलेला सिनेमा १९८४ साली अमेरिकेत आला, 'धिस इज स्पायनल टॅप'. दिग्दर्शक रॉब रायनर. इंग्लंडचा स्पायनल टॅप नावाचा रॉक बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघतो, अशी गोष्ट. बँड म्हणजे आपला वरातीतला बँडबाजा नव्हे, तर गिटार आणि ड्रम घेऊन स्टेजवर गाणारी मंडळी. असा बँड नव्हताच. क्रिस्टोफर गेस्ट, मायकेल मॅकीन आणि हॅरी शिअरर या नटांनी तो उभा केला, आणि रायनर स्वतः त्यात माहितीपट काढणारा झाला. संवाद बहुतेक आयत्या वेळी सुचलेले, आपल्या तमाशातल्या बतावणीसारखे. काही प्रेक्षकांना तर बँड खराच वाटला.

थट्टा होती गाण्याच्या धंद्याची. एक गिटारवाला आपलं आवाज वाढवायचं यंत्र दाखवतो. इतरांच्या यंत्रावर आकडे दहापर्यंत, याच्यावर अकरापर्यंत. मग दहालाच आवाज जास्त का नाही ठेवला, असं विचारल्यावर तो गोंधळतो आणि पुन्हा अकराच दाखवतो. आपल्या लग्नातल्या डीजेवाल्यांना हे दाखवायला हवं! पुढे बँड रेकॉर्डच्या दुकानात सह्या द्यायला बसतो, तर एकही माणूस येत नाही.

माझा आवडता प्रसंग मात्र कमानीचा. स्टेजवर अठरा फुटी दगडी कमान दिसावी म्हणून गिटारवाला कागदी रुमालावर चित्र काढून माप लिहितो. फुटाला एक रेघ आणि इंचाला दोन, हे आपल्या शिवणकामाच्या गटाला सांगायला नको. त्याने दोन रेघा मारल्या. कमान करणाऱ्या बाईने कागद पाहून अठरा इंचाची कमान करून दिली. भर कार्यक्रमात ती खाली आली तेव्हा जेमतेम गुडघ्याएवढी! त्या बाईचं काय चुकलं? काहीच नाही. कागदावर होतं तेच तिने केलं.

आता यातली मेख ऐका. सिनेमाचं नाव झालं, २००२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट यादीत तो जतन करण्यासाठी निवडला गेला. पण २०१६ साली हॅरी शिअररने कोर्टात दावा लावला. सिनेमाचे हक्क तोवर फ्रान्सच्या विवेंडी कंपनीकडे गेले होते. दाव्यात म्हटलं होतं की १९८४ ते २००६ या काळात सिनेमाच्या नावावर विकलेल्या वस्तूंचे चौघा कर्त्यांच्या वाट्याला मिळून ८१ डॉलर, आणि १९८९ ते २००६ या काळात गाण्यांचे ९८ डॉलर, एवढाच हिशोब कंपनीने दाखवला. दोन्ही मिळून आजच्या भावाने पंधरा-सोळा हजार रुपये! बाकीचे तिघेही दाव्यात सामील झाले. गाण्यांचा वाद २०१९ साली मिटला आणि उरलेला २०२० साली. ज्यांनी या धंद्याची थट्टा केली, तेच त्याच्या हिशोबात अडकले होते.

हे मी आज का सांगते आहे? कळंब तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या ताई हळदीची गाणी स्वतः रचून गातात. मागच्या वर्षी बाहेरून एक जण आला. त्याने गाणी रेकॉर्ड केली, पाचशे रुपये हातावर ठेवले आणि एका कागदावर सही घेतली. कागद कुणी वाचला नाही. मी तिथेच होते, मीही वाचला नाही. गटाच्या कर्जाचा कागद तीनदा वाचणारी मी! आज ती गाणी मोबाईलवर वाजतात, आणि ताईंचं नाव कुठेच नाही.

नंतर मी कायदा समजून घेतला. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ साली मोठे बदल झाले. गाण्याचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच. कोणतं गाणं, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या भागासाठी आणि मोबदला किती, हे त्यात हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षंच धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. रेकॉर्ड झालेल्या गाण्याच्या रॉयल्टीत रचणारीचा समान वाटा असतो, आणि तो सोडल्याचं कंपनीने लिहून घेतलं तरी ते टिकत नाही. पारंपरिक ओवी कुणा एकीची नसते, पण गाणारीलाही हक्क आहे. धंद्यासाठी रेकॉर्ड करायचं तर तिची संमती लागते, आणि गाणारी म्हणून आपलं नाव यावं असा आग्रह ती धरू शकते.

आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी अभंगात आपलं नाव गुंफलं, म्हणून शेकडो वर्षांनीही ते अभंग कुणाचे हे आपण सांगतो. आपणही तेवढं करू या. गटाच्या वहीत एक पान गाण्यांसाठी ठेवा. गाणं, रचणारीचं नाव आणि तारीख लिहा. कुणी रेकॉर्ड करायला आलं तर आधी आपलं नाव आणि गाव सांगा, मग गा. सही करण्याआधी कागद मोठ्याने वाचून घ्या, आणि त्याची एक प्रत आपल्याकडे ठेवा.

त्या ताईंच्या कागदाची प्रत आम्ही मागितली आहे. ती हाती आली की सगळ्या मिळून वाचणार आहोत, आणि मुदत कुठे लिहिली आहे ते आधी पाहणार आहोत.