मोबाइलवर येणाऱ्या नोकऱ्या आणि बिनचेहऱ्याचे दलाल

आखातात ज्याचा एकही माणूस नाही असा मोहल्ला रत्नागिरी, रायगड जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर शोधावा लागेल. 1973 नंतर तेलाचे भाव चढले, तिकडे बांधकामे निघाली आणि आपले गवंडी, सुतार, वेल्डर, ड्रायव्हर, मागाहून हिशेबनीस व इंजिनिअर त्या वाटेने गेले. गावोगावच्या कितीतरी घरांचा स्लॅब त्याच कमाईतून पडला. फसवणूक तेव्हाही होत होतीच. मुंबईतला एजंट पासपोर्ट आणि पैसे घेऊन कार्यालयाला कुलूप लावी, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले आहे. पण त्या दलालाला चेहरा होता. त्याचे गाव ठाऊक असे, सासर ठाऊक असे. पैसे बुडाले तर चार मंडळी त्याच्या ओटीवर जाऊन बसू शकत, जमातीच्या बैठकीत त्याला जाब विचारू शकत.

आता हा दलाल मोबाइलमध्ये शिरला आहे. त्याचे नाव खरे नाही, फोटो दुसऱ्याचा आणि फोन नंबर आठवड्याने बंद पडणारा. गावाची ओळख हे आपले जुने संरक्षण होते. ते या व्यवहारात उरलेले नाही. त्याच्या जागी काय ठेवायचे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

ठगांची पद्धत बहुधा ठरलेली असते. फेसबुकवर किंवा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये दुबई, दोहा, रियाध येथील एखाद्या नामांकित कंपनीची जाहिरात येते. पगार बाजारभावापेक्षा बराच अधिक, राहणे-जेवण मोफत, अनुभवाची अट नाही. संपर्क केला की ‘एचआर मॅनेजर’ सलाम करून आपुलकीने बोलतो. मुलाखत म्हणजे व्हॉट्सअॅपवरचे दहा-बारा प्रश्न. त्याच दिवशी कंपनीच्या बोधचिन्हासह, शिक्क्यासह नेमणूकपत्र येते. घरात आनंद होतो, मिठाई वाटली जाते आणि मग पैशाची मागणी सुरू होते.

ही मागणी एकदम मोठी कधीच नसते. आधी नोंदणीचे काही शे रुपये, मग वैद्यकीय तपासणी, मग व्हिसा स्टॅम्पिंग, विमा, तिकिटाची आगाऊ रक्कम, आणि शेवटी ‘पहिल्या पगारासोबत परत मिळणारी’ अनामत. पगाराचा आकडा डोळ्यांपुढे असल्याने प्रत्येक रक्कम किरकोळ भासते. शिवाय आधीचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. घरची बांगडी मोडून शेवटचा हप्ता गेला, की समोरचा नंबर बंद.

आपले लोक नेमणूकपत्र फार निरखून पाहतात. आमच्या मते पत्रापेक्षा पैसे कोणाच्या नावावर मागितले आहेत, हे पाहण्यात अधिक शहाणपण आहे. बोधचिन्ह आणि शिक्का कोणत्याही संगणकावर पाच मिनिटांत तयार होतो. कंपनी दुबईची, पत्र इंग्रजीत, आणि पैसे मात्र भलत्याच राज्यातील एखाद्या इसमाच्या बचत खात्यात किंवा यूपीआयवर! एवढ्यावरूनच प्रकरण उघडे पडावयास हवे. ईमेलचेही तसेच आहे. हजारो कामगार असलेली कंपनी नोकरीचे पत्र जीमेलवरून पाठवीत नाही. वेबसाइटचा पत्ता वाचताना पहिल्या तिरक्या रेघेपूर्वीचे शेवटचे शब्द पाहावेत. ‘गव्ह’ हा शब्द पत्त्यात मध्येच कोठे तरी बसविला म्हणून ती साइट सरकारी होत नाही. भारत सरकारचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट निक डॉट इन’ असा संपतो.

पैसा कोणी द्यावयाचा?

संयुक्त अरब अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्याप्रमाणे कामगाराला आणण्याचा खर्च मालकाने त्याच्याकडून घेता येत नाही, प्रत्यक्ष नाही आणि अप्रत्यक्षही नाही. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यातही कामगार आणण्याचे शुल्क आणि इकामा, वर्क परमिट यांचा खर्च मालकावर आहे. तेव्हा ‘कंपनीची व्हिसा फी’ म्हणून जो कामगाराकडे पैसे मागतो, तो एक तर ठग आहे, नाही तर तिकडचा कायदा मोडणारा आहे. दोन्ही बाबतींत त्याच्यापासून दूर राहणे बरे.

आपल्याकडे 1983 चा उत्प्रवासन कायदा आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाने परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी केलीच पाहिजे. अशा नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये व त्यावरील जीएसटी घेता येतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. बाजारात याच्या कित्येक पट रक्कम मागितली जाते आणि आपले लोक ती बिनबोभाट देतात, हे आम्हाला ठाऊक आहे. ‘सगळेच देतात’ म्हणून ती कायदेशीर होत नाही. पावतीशिवाय दिलेला पैसा पुढे सिद्धही करता येत नाही. याच कायद्यात विनानोंदणी भरतीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. माणशी लाखभर उकळणाऱ्याला दोन हजारांच्या दंडाची काय भीती वाटणार?

एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे घरबसल्या पाहता येते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ईमायग्रेट डॉट गव्ह डॉट इन’ या साइटवर परवाना चालू असलेल्या एजंटांची यादी आहे. ज्यांच्याविरुद्ध तक्रारी आल्या अशा बेकायदा एजंटांची यादीही तेथे मिळते. मात्र येथे एक मेख आहे. हुशार ठग खऱ्या एजन्सीचे नाव आणि खरा परवाना क्रमांक उचलून आपल्या जाहिरातीत छापतात. यादीत नाव सापडले म्हणून निर्धास्त होऊ नये. जाहिरातीतला नंबर बाजूला ठेवावा, सरकारी यादीत त्या एजन्सीचा जो पत्ता व फोन दिला आहे तेथे फोन करावा आणि विचारावे, ‘ही भरती तुमचीच आहे काय?’ त्या एका फोनवर बहुतेक प्रकरणे तेथेच मिटतात. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय आहे, तेथेही चौकशी करता येते. नोंदणीकृत एजंटाजवळ मालकाचे मागणीपत्र, त्याने दिलेले मुखत्यारपत्र आणि कराराचा नमुना असला पाहिजे. हे कागद मागताच जो चिडतो, ‘विश्वास नसेल तर राहू द्या’ म्हणतो, त्याचे म्हणणे मान्य करून खरोखरच राहू द्यावे.

व्हिसाचा प्रकार पाहणे तितकेच महत्त्वाचे आहे. ‘आधी व्हिजिटवर चला, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ’ हे वाक्य आपल्या भागात इतके रुळले आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटतही नाही. अमिरातीत व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. परवान्याशिवाय माणूस कामाला ठेवणाऱ्या मालकाला 2024 पासून एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे. एवढी जोखीम असताना जो मालक अशा माणसाला ठेवतो, तो त्याचा पगार वेळेवर देईल अशी आशा धरणे व्यर्थ आहे, आणि पगार बुडाला तर तक्रार करायला कामगाराजवळ वर्क परमिटचा कागदही नसतो. योग्य मार्गाने जाणाऱ्याला अमिरातीच्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातील नेमणूकपत्र सही करण्यासाठी आधी मिळते, आणि ते हिंदी व उर्दूतही मिळू शकते. समजत नसलेल्या इंग्रजी कागदावर सही करण्याचे कारणच उरत नाही.

घरकामासाठी बायकांना नेणाऱ्यांविषयी वेगळे सांगावयास हवे. ज्या स्त्रीच्या पासपोर्टला उत्प्रवास मंजुरी लागते आणि वय 30 पेक्षा कमी आहे, तिला आखातात घरकामासाठी जाण्याची मंजुरी सरकार देत नाही. म्हणूनच ठग तिला व्हिजिट व्हिसावर नेतात, कधी एका देशाचे तिकीट काढून दुसऱ्या देशात उतरवितात. घरच्यांनी अशा ‘संधी’ला तेथल्या तेथे नकार द्यावा.

घरबसल्या कमाईचे जाळे

परदेशाचे नाव न घेता होणारी फसवणूक कमी नाही. व्हिडिओला लाइक द्या, हॉटेलला रेटिंग द्या, प्रत्येकी पन्नास रुपये मिळवा, असा निरोप येतो. पहिल्या दिवशी दोन-तीनशे रुपये खरोखर खात्यात पडतात. ते आमिष असते. नंतर टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये नेऊन ‘आधी पैसे भरा, टास्क पूर्ण करा, नफ्यासह परत घ्या’ असे सुरू होते. त्या ग्रुपमध्ये नफ्याचे फोटो टाकणारे बहुतेक ठगांचेच लोक असतात.

डेटा एंट्रीच्या कामात तर उमेदवाराकडूनच खंडणी घेतली जाते. घरी बसून फॉर्म भरण्याचे काम, करारावर सही आणि आधारची प्रत घेतली जाते. काम संपताच ‘तुमची अचूकता कमी पडली’ असे सांगून वकिलाच्या नावाने नोटीस येते आणि कोर्ट, वॉरंट, अटक असे शब्द वापरून नुकसानभरपाई मागितली जाते. शिकलेल्या मुली आणि गृहिणी यात अधिक सापडतात आणि बदनामीच्या भीतीने पैसे भरतात. करारभंग हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस कोणाला अटक करीत नाहीत. अशा नोटिशीला पैसे न देता ती घेऊन पोलीस ठाण्यात जावे.

सर्वांत घातक प्रकार मात्र वेगळाच आहे, कारण त्यात पैसे जात नाहीत, उलट येतात. ‘पेमेंट एक्झिक्युटिव्ह’ नावाची नोकरी, काम एवढेच की आपल्या खात्यात आलेली रक्कम कमिशन ठेवून पुढे पाठवायची. कधी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम कार्डच भाड्याने मागतात. ही रक्कम दुसऱ्या कोणाची तरी लुटलेली कमाई असते. तपास सुरू झाला की पोलीस प्रथम खातेदाराच्याच दारात येतात, खाते गोठविले जाते आणि महिना पाच-दहा हजारांच्या लोभापायी विशीतला मुलगा फसवणुकीच्या गुन्ह्यात आरोपी होतो. ‘मला माहीत नव्हते’ हे त्याला कोर्टात शाबीत करावे लागते, आणि तोवर पासपोर्ट, नोकरी, लग्न सारेच लटकलेले असते.

संगणक शिकलेल्या मुलांसाठी याहून भयंकर सापळा आग्नेय आशियात आहे. सप्टेंबर 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला की थायलंडमध्ये ‘डिजिटल सेल्स अँड मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’च्या नोकऱ्या दाखवून भारतीय तरुणांना बेकायदा सीमेपार म्यानमारमध्ये नेले जाते व डांबून ठेवले जाते. ही भरती समाजमाध्यमांवरील जाहिरातींतून आणि भारतातील व दुबईतील दलालांमार्फत होत होती. तेथे त्यांच्याकडून इंटरनेटवर लोकांना लुबाडण्याचे काम करवून घेतात. मार्च 2025 मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा 549 भारतीयांना दोन दिवसांत परत आणले. त्यानंतर एप्रिलमध्ये महाराष्ट्र सायबर विभागाने म्यानमारमधून साठहून अधिक जणांची सुटका व पाच दलालांना अटक झाल्याचे जाहीर केले. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर थायलंडमध्ये नोकरी करता येत नाही, एवढी एक गोष्ट ठाऊक असती तर त्यातील कितीतरी जण विमानतळावरूनच मागे फिरले असते.

पैसे गेलेच तर

पहिले काही तास मोलाचे असतात. 1930 या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. रक्कम ठगाच्या खात्यातून पुढे गेली नसेल तर बँकेमार्फत ती रोखता येते, उद्यावर टाकले तर ती पाच-सहा खात्यांतून फिरून निघून गेलेली असते. ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वरही तक्रार नोंदविता येते. चॅट, फोन नंबर, व्यवहाराचा क्रमांक, नेमणूकपत्र यातले काहीही रागाच्या भरात पुसून टाकू नये, तोच पुरावा असतो. ठगाने मूळ पासपोर्ट ठेवून घेतला असेल तर पोलिसांना ते आवर्जून सांगावे. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे आणि तो अडकवून ठेवण्याचा अधिकार एजंटाला नाही.

आपल्याकडे घरातला मुलगा फसला की ती गोष्ट झाकून ठेवतात. शेजारी काय म्हणतील, सोयरे काय म्हणतील, याचीच चिंता अधिक. ठगांना हे पक्के माहीत आहे, आणि लहान लहान रकमा मागण्याचे एक कारणही हेच आहे. एका घरातील मुलाने गमावलेला नंबर आणि कंपनीचे नाव जर जुम्याच्या दिवशी मशिदीबाहेर चार जणांना कळले, तर दुसऱ्या घरचे पैसे वाचतील.

परदेशी नोकरीबाबत सल्ला किंवा तक्रार करण्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 1800-11-3090 हा टोल फ्री क्रमांक आहे. अमिरातीत पोहोचल्यावर अडचण आली तर दुबईतील केंद्राचा 800-46342 हा क्रमांक तेथून मोफत लागतो. जाणाऱ्याने हे दोन्ही क्रमांक मोबाइलमध्ये न ठेवता एका कागदावर लिहून खिशात ठेवावेत, कारण अशा जागी पोहोचल्यावर पहिल्यांदा हिसकावून घेतला जातो तो मोबाइलच.