पेढीवरील नोकरवर्ग : कायदा आणि श्रावकधर्म

धान्याच्या घाऊक व्यापारात मालाइतकाच माणसांवर भरवसा ठेवावा लागतो. मुनीम, गुमास्ते, तोलणारे व हमाल यांच्याशी आमच्या पेढ्यांचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला. तो विश्वासाचा होता, यात संशय नाही. परंतु शब्द देणारे वडील निवर्तले व चिरंजीव गादीवर आले, म्हणजे पंचवीस वर्षे राबलेल्या गुमास्त्यास साक्षीदार उरत नाही. म्हणून दिलेला शब्द कागदावर उतरवावा, एवढेच आमचे व्यापारी बंधूंस सांगणे आहे.

मुंबई राज्याचा १९४८ चा दुकानांविषयीचा कायदा सुरतेस दीर्घकाळ लागू होता. १ मे २०१९ पासून त्याची जागा गुजरातच्या नव्या कायद्याने घेतली. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या. त्यांतील लहान व्यापाऱ्यास नित्य उपयोगी पडणाऱ्या गोष्टी येथे देतो.

पहिली गोष्ट वेतनाची. पेढीवर एकच नोकर असला तरी किमान वेतनाचे बंधन आहेच. मासिक पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आत दिला पाहिजे. नोकर स्वतः सोडून गेला अथवा त्यास काढले, तरी त्याचा राहिलेला पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. मालात घट आली म्हणून परस्पर पगार कापता येत नाही. आधी नोकरास आपली बाजू मांडू द्यावी लागते, व कपात प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक चालत नाही. मुकादमामार्फत आलेल्या हमालाची मजुरी मुकादमाने बुडविली, तर ती देण्याची जबाबदारी पेढीवर येते.

दुसरी गोष्ट संख्येची. १० माणसे झाली की राज्य विमा व उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, यांच्या तरतुदी लागू होतात. २० झाली की भविष्यनिर्वाह निधी व बोनस यांच्या. पात्र नोकरास बोनस किमान ८.३३ टक्के द्यावा लागतो.

उपदानाचा हिशेब सोपा आहे. कायम नोकराची सलग पाच वर्षे सेवा झाली, की दर वर्षामागे १५ दिवसांचे वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. शेवटचे वेतन २०,८०० रुपये व सेवा १२ वर्षे असेल, तर दिवसाचे ८०० रुपये, वर्षाचे १२,००० व एकूण १,४४,००० रुपये होतात. ही रक्कम एकदम काढणे लहान पेढीस जड जाते. यास्तव ती दरसाल बाजूस टाकावी. हे देणे आहे, बक्षीस नव्हे.

कायदा परका वाटत असेल, तर आपले शास्त्र आठवावे. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण व अन्नपाननिरोध सांगितले आहेत, आणि सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेख व न्यासापहार. आश्रितावर शक्तीबाहेर भार लादणे हा पहिला दोष. आमच्या मते पगार अडवून धरणे म्हणजे त्याच्या घरचे अन्नच अडविणे. हाती एक रक्कम देऊन पत्रकात दुसरी लिहिणे, किंवा संख्या नऊच दिसावी म्हणून नावे गाळणे, हा कूटलेख. आणि भविष्यनिर्वाह निधीसाठी पगारातून कापलेला पैसा न भरता वापरणे, हा उघड न्यासापहार होय. तराजूत पासंग न ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने पगारपत्रकातही तो ठेवू नये.

लेखी व्यवहाराने मालकाचेही रक्षण होते. वादाचा प्रसंग आल्यास सहीची पावती व बँकेतून दिलेला पगार हाच त्याचा पुरावा.

तेव्हा दिवाळीस चोपडापूजन करताना नव्या वहीशेजारी हजेरीपुस्तक व पगारपत्रक ठेवावे. प्रत्येकाचे नाव, रुजू झाल्याची तारीख, काम व वेतन त्यांत लिहावे. लाभपंचमीस पेढी उघडली की प्रत्येकाच्या हाती सहीनिशी नेमणूकपत्र द्यावे. जुन्या माणसांपासून आरंभ करावा. कारण त्यांची वर्षे अधिक व कागद कमी असतात.